जन्मखूण नसलेले आवाज

सोफीच्या 'फेसशॉपिंग' या गाण्यात सुरुवातीलाच एक आवाज येतो आणि तो कशाचा, हे कानाला ठरवता येत नाही. पत्रा फाटल्यासारखा निघतो, मधेच रबरासारखा ताणला जातो, आणि संपताना काहीतरी जड ओल्या जमिनीवर पडावं तसा बसका होतो. सगळा क्षणभराचा मामला. त्या क्षणात कान तीन तर्क करतो आणि तिन्ही फसतात. पत्रा कुठे नव्हताच. रबर नव्हतं, जमीनही नव्हती. मायक्रोफोन घेऊन कुणी लोहाराच्या दारात उभं राहिलेलं नव्हतं. सिंथेसायझरमधल्या साध्या ध्वनिलहरी वाकवून, पिळून, एकमेकींत घुसवून हा आवाज घडवलेला आहे, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूशी त्याचं जन्माचं नातं नाही.

हे गाणं ज्यात आहे तो 'ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इनसाइड्स' हा अल्बम 15 जून 2018 ला आला. नऊ गाणी, साधारण चाळीस मिनिटं. नाव वाचताना निरर्थक वाटतं. भरभर म्हटलं की त्यातून एक वेगळंच इंग्रजी वाक्य ऐकू येतं, प्रत्येक माणसाच्या आत जे आहे त्यावर माझं प्रेम आहे, अशा अर्थाचं. म्हणजे शीर्षकसुद्धा ऐकायचं, वाचायचं नाही. आणि ऐकल्यावर कानावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न दारातच उभा.

या अल्बमबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि त्याचा सूर बहुधा एकच असतो: वर्षानुवर्षं पडद्याआड राहिलेल्या कलावंताने अखेर मुखवटा काढला आणि आपला खरा चेहरा, खरा आवाज लोकांपुढे ठेवला. कथा हृद्य आहे. नऊ गाणी क्रमाने ऐकली की मात्र ती डगमगू लागते. सोफीचा स्वतःचा, ओळखू येणारा गळा ठळकपणे ऐकू येतो तो पहिल्या गाण्यात. त्यानंतर गाण्याची मुख्य जबाबदारी जाते सेसील बिलीव्ह या कॅनेडियन गायिकेकडे. आत्मकथन करायला निघालेला माणूस पहिलं प्रकरण संपताच दुसऱ्याच्या तोंडून का बोलू लागेल? मला वाटतं, मुखवटा आणि चेहरा ही जोडीच सोफीला मान्य नव्हती. घडवलेलं ते खोटं आणि आपसूक आलेलं ते खरं, हा आपला सगळ्यांचा जुना हिशेब आहे. हा अल्बम तो हिशेब मोडायला बसला आहे, आणि ते काम त्यातल्या शब्दांपेक्षा आवाज घडवण्याच्या रीतीतून जास्त होतं.

आधी थोडी मागची हकीकत. सोफी झिऑन हिचा जन्म 1986 चा. 2013 मध्ये ग्लासगोच्या 'नंबर्स' या छोट्या लेबलने तिचं 'बिप' हे गाणं काढलं आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वर्तुळात कुजबूज सुरू झाली. त्याच सुमारास लंडनमध्ये ए. जी. कुकने 'पीसी म्युझिक' नावाचा उद्योग मांडला होता. पॉपचा गोडवा, जाहिरातींची चकाकी आणि इंटरनेटवरचा भडकपणा यांना तिथली मंडळी इतकं ताणत की ते कौतुक आहे की टवाळी हे कळत नसे. सोफी त्यांच्या जवळची, पण पूर्णपणे त्यांच्यातली नव्हे. छायाचित्रं नाहीत, मुलाखती दिल्या तर आवाज बदलून. 2014 मध्ये बॉयलर रूम या ऑनलाइन संगीतमंचाच्या एका कार्यक्रमात तर सोफी म्हणून भलत्याच कलावंताला उभं केलं होतं. तेव्हा ही व्यक्ती पुरुष आहे असं गृहीत धरून, यंत्राने बारीक केलेल्या पोरसवदा बायकी आवाजांवरून स्त्रीत्व उसनं घेतल्याचा आरोपही झाला. 2015 च्या 'प्रॉडक्ट' या संग्रहाबरोबर सिलिकोनची एक वस्तू विकायला होती, आणि 'लेमनेड' हे गाणं मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातीत वाजलं. मडोना, चार्ली एक्ससीएक्स, व्हिन्स स्टेपल्स अशांसाठी तिने कामं केली. अल्बम येईपर्यंत तिचा आवाज पुष्कळांच्या कानावरून गेलेला होता; नाव फारसं नाही.

आता रीत. हल्लीच्या पॉपमध्ये ठेका बांधायचा म्हणजे पुष्कळदा सॅम्पल उचलायचं: कधीतरी, कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत वाजवलेल्या ड्रमचा ध्वनिमुद्रित तुकडा. त्या तुकड्याला गाव असतं, साल असतं, वाजवणारा हात असतो. सोफीचा ओढा याच्या उलट टोकाला होता. स्वीडनच्या एलेक्ट्रॉन कंपनीचं मोनोमशीन हे तिच्या हातातलं यंत्र, आणि धातू, फुगा, बुडबुडा, लॅटेक्स यांचे आवाज कुठूनही न उचलता लहरींपासून उभे करायचे हा तिचा छंद. मुलाखतींतून ती याविषयी मोकळेपणाने बोलत असे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर उमटतात, आणि हे पटीतलं नातं आपल्याला सुरेल वाटतं. पत्र्यावर ठोका मारला तर उपस्वर अशा पटीत बसत नाहीत, म्हणून खणखणाट होतो. यंत्रात एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवत ठेवली आणि दोघींचं प्रमाण मुद्दाम वाकडं ठेवलं की पत्र्याशिवाय पत्रा मिळतो. बुडबुड्याचं 'टुप्' म्हणजे झटक्यात वर चढणारा स्वर. नाचाच्या गाण्यातला किक ड्रम म्हणजे वरून झपकन खाली घसरणारा. ताणलेलं रबर बोटाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, म्हणून किरकिरतं. सारंगीच्या तारेवर गज नेमकं हेच करतो. तिथे आपण त्याला करुण म्हणतो, एवढाच फरक.

हे सगळं सांगायचं कारण असं. पत्रा शेवटी पत्राच राहतो. पण आवाज मुळातच आकड्यांत असेल तर तो पत्रा म्हणून निघून रबर म्हणून पोचू शकतो. मधल्या प्रवासात सांधा दिसत नाही. सोफीच्या संगीतातला थरार या बदलण्यात आहे. 2018 च्या सुमारास ती ट्रान्स असण्याविषयी बोलू लागली तेव्हा देह आणि आत्मा यांची सांगड आपल्या हाताने घालण्याविषयी बोलली. शरीर हे मिळालेलं नशीब न राहता हाती घेतलेलं काम होऊ शकतं, हा विचार तिच्या आवाजांमध्ये 'बिप'पासूनच होता. लोकांना तो कळायला तिचा चेहरा दिसावा लागला.

तो दिसला 'इट्स ओके टू क्राय'मध्ये, ऑक्टोबर 2017 मध्ये. अल्बमचं हे पहिलं गाणं. आवाज लहान, तालीम न झालेला, जवळजवळ पुटपुटणारा. खाली काचेच्या मण्यांसारखे स्वर, मऊ सुरावटीचा गालिचा. मनात काही दडवून बसलेल्या कुणाला तरी ती सांगते की रडलास तरी काही बिघडत नाही, जे आत आहे तेच तुझं देखणं आहे. चाल इतकी सरळ की एखाद्या शाळेच्या निरोपसमारंभात खपून जाईल. आणि अगदी शेवटी, जेव्हा गाणं असंच विरणार असं वाटू लागतं, तेव्हा ढोल कोसळतात, सूर फुगतात, आणि ती पुटपुटणारी व्यक्ती त्या गडगडाटात उभी राहून गाते. चित्रफितीत ती उघड्या खांद्यांनी कॅमेऱ्याकडे पाहते आहे. मागे ढग, मग रात्र, तारे, इंद्रधनुष्य, शेवटी वीज आणि पाऊस. ज्या गाण्याला सगळे निखळ, नितळ सत्य समजले, त्यातलं आकाश उघडउघड पडद्यावरचं आहे. ते लपवायचा जराही प्रयत्न नाही. पडद्यावरच्या आकाशाखाली माणूस खरा रडू शकतो, याला आपल्याकडच्या नाटकवेड्या प्रेक्षकाला वेगळा पुरावा नको.

पुढच्या गाण्याला ही ऊब मान्य नाही. 'पोनीबॉय' सुरू होतं ते चिरडणाऱ्या, खरखरणाऱ्या खर्जाने. वर एक आवाज पाताळातून आल्यासारखा जाड आणि दुसरा बाहुलीसारखा चिरका, दोन्ही यंत्रातून काढलेले, आणि यांतला पुरुष कोण, बाई कोण हे विचारण्यात हशील नाही. विषय शृंगाराचा, तोही मालक आणि घोडा अशा खेळाचा. काहींना हे नुसतं धक्का देण्यासाठी वाटतं. पहिल्या ऐकण्यात मलाही त्यात शक्तिप्रदर्शन जास्त वाटलं. तरी त्याची जागा अचूक आहे. अश्रूंची मुभा देणाऱ्या गाण्यामागे लगेच सोंगाची मुभा देणारं गाणं ठेवलेलं आहे. दोघांनी ठरवून घेतलेल्या भूमिकेत लबाडी नसते. तिथे सोंग हाच करार असतो.

'फेसशॉपिंग' हा करार चेहऱ्यापर्यंत नेतं. शब्द तुटक, एकामागून एक फेकलेले, जाहिरातीच्या फलकासारखे. त्यांचा आशय असा की माझा चेहरा दुकानाचा दर्शनी भाग आहे, आणि तो खराही आहे. इथे टीका आणि अभिमान यांच्यातली सीमा पुसलेली आहे, ते मला आवडतं. बाजाराने चेहऱ्याची वस्तू केली अशी तक्रार ऐकायला आपण तयार बसलेलो असतो. गाणं ती पुरवत नाही. आणि मग मधोमध, फाटलेल्या पत्र्यांच्या ढिगाऱ्यात, अचानक एक रस्ता उघडतो: सेसील बिलीव्हचा भरदार, गोलाईदार आवाज, नव्वदच्या दशकातल्या प्रेमगीतासारखी चाल, मखमली सुरावट. थट्टेचा लवलेश नाही. काही ओळी ती आळवते, आणि परत यंत्र सगळं चिरडून टाकतं. अल्बममधला सर्वांत धाडसी तुकडा माझ्या लेखी हा आहे, गोंगाट नव्हे. गोंगाट करायला फार हिंमत लागत नाही. त्या गोंगाटाच्या मध्यावर, मान खाली न घालता, इतकं उघड गोड गाणं ठेवणं अवघड. याच्या चित्रफितीत सोफीच्याच चेहऱ्याची संगणकीय प्रतिमा फुगते, चिरली जाते, वितळते, पुन्हा सांधते. आवाजाला जे होतं तेच चेहऱ्याला होतं.

'इज इट कोल्ड इन द वॉटर?' वेगळ्या जातीचं आहे. पाण्याच्या काठावर उभं राहून गार आहे का, असं विचारणाऱ्या माणसाचं. खाली सुरांची एक साखळी सतत वर चढते, फुगते, ओसरते, पुन्हा चढते. प्रत्येक वेळी वाटतं की आता किक ड्रम पडणार, नाचाच्या गाण्यांनी कानाला ती सवयच लावलेली असते. तो पडतच नाही. उडी मारायच्या आधीचा क्षण ताणून तीन-साडेतीन मिनिटांचा केलेला आहे, आणि ठोका न वाजवता ठोक्याची ओढ लावणं ही रचनेची कमाल आहे. 'पोनीबॉय'मधला प्रहार ऐकून सोफीला केवळ ताकदीची कलावंत समजणाऱ्यांनी हे गाणं लक्ष देऊन ऐकावं.

यानंतर अल्बम जरा बसतो. 'इन्फॅच्युएशन' समोरच्या माणसाचा ठाव घेऊ पाहणारं, संथ, घुमणारं गाणं आहे. त्यातली तळमळ खरी, पण जे पाण्याच्या गाण्याने कमी साधनांत साधलं तेच इथे पुन्हा, लांबवून. 'नॉट ओके' जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा. शीर्षकातून पहिल्या गाण्याला उत्तर मिळतं खरं, ऐकताना मात्र तो वहीतल्या टिपणासारखा वाटतो. नऊ गाण्यांच्या अल्बमात दोन अशी असणं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे. भक्तमंडळींना हे बोललेलं चालत नाही.

'प्रिटेंडिंग'बद्दल भक्तमंडळी उलट फार बोलत नाहीत, कारण त्यावर नाचता येत नाही आणि ते गुणगुणताही येत नाही. सुमारे सहा मिनिटं. ठेका नाही, चाल नाही, हाती लागतील असे शब्द नाहीत. एक अवाढव्य कण्हणं संथपणे फिरतं, त्यात मानवी गळे मिसळल्याचा भास होतो, स्वर सुटे होतात, एकमेकांवरून घसरतात. आधीच्या गाण्यांत आपण पत्रा, रबर, पाणी असे तर्क करत होतो. इथे कानाला तर्क करायलाही काही उरत नाही. नाव आहे 'सोंग घेताना', आणि सोंग घेणारं कुणी दिसत नाही, घेतलेलं रूपही दिसत नाही. रूप येण्याआधीचा चिखल म्हणावा तर तसा. पहिल्यांदा हे गाणं पुढे ढकलावंसं वाटतं, पण ढकललं तर पुढच्या गाण्याचा निम्मा आनंद जातो. कारण या धुक्यातून 'इमटेरियल' फुटतं.

'इमटेरियल' म्हणजे निव्वळ उड्या. फुग्यासारखा बेस, टाळ्या, दोन-चार ऐकण्यांत पाठ होणारी चाल, एकाच शब्दाचा धोशा. नावात मडोनाच्या 'मटेरियल गर्ल'ची सरळ उलटी नक्कल आहे. 1984 च्या अल्बममधल्या त्या गाण्यातली पोरगी ऐहिक वस्तूंच्या मागे होती, इथल्या मुलीमुलांना वस्तूच उरलेली नाही. आणि 2015 मध्ये सोफीने खुद्द मडोनाच्या 'बिच आयॅम मडोना'वर काम केलेलं होतं, तेव्हा ही कोटी घरातलीच. मधल्या कडव्यात गाणारी आपल्याकडचं एकेक काढून ठेवत जाते: केस, रक्त, नाव, गोष्ट. आणि विचारते की हे सगळं गेल्यावर मी राहते कुठे? प्रश्न असा की आपल्याकडे तो विचारायला माणूस संसार सोडून जातो. इथे तो बबलगमच्या चालीवर, टाळ्यांच्या तालात, विचारून टाकलेला आहे, आणि उत्तरही त्याच दमात: मला हवं ते मी होऊ शकते. शेवटाकडे आवाज यंत्राने असा वाकवला जातो की गळा आपल्या पट्टीतून निसटून वर तरंगू लागतो. त्या आवाजालाही आता शरीराची गरज नसावी.

या आनंदावर पुढे एक सावली पडली, ती अल्बमने पाडलेली नव्हे. 30 जानेवारी 2021 ला अथेन्समध्ये, पौर्णिमेचा चंद्र पाहायला वर चढताना पाय घसरून सोफी गेली. वय 34. त्यानंतर श्रद्धांजलीची गाणी आली. चार्ली एक्ससीएक्सने 2024 च्या 'ब्रॅट'मधलं 'सो आय' तिच्यावर केलं, ए. जी. कुकने त्याच वर्षीच्या 'ब्रिटपॉप'मध्ये तिची आठवण जागवली. सप्टेंबर 2024 मध्ये तिचा भाऊ बेनी लाँग याने पुरा केलेला मरणोत्तर अल्बमही निघाला. त्यात पाहुणे गायक पुष्कळ आहेत आणि माया खूप आहे, पण आवाज मात्र ठेक्यावर शहाण्यासारखे बसतात. पदार्थ मधेच बदलून कानाला तोंडघशी पाडण्याचा तो खट्याळपणा मला तिथे क्वचितच सापडला. मृत्यूनंतर 'इट्स ओके टू क्राय' लोक शोकगीत म्हणून ऐकू लागले, 'इमटेरियल'मधली देहाबाहेरची उडी अनेकांना भविष्यवाणी वाटू लागली. ऐकणाऱ्याला कोण अडवणार? पण असं ऐकलं की या अल्बममधला वात्रटपणा हरवतो, आणि तो वजा केला तर उरतं ते सोफीचं नव्हे. त्याआधी, फेब्रुवारी 2019 च्या ग्रॅमी सोहळ्यात, नृत्य-इलेक्ट्रॉनिक विभागात या अल्बमला नामांकन होतं, पारितोषिक जस्टिस या फ्रेंच जोडीला गेलं. तेव्हाही पॉपच्या दरबारात हा पाहुणा जरा आगाऊच दिसत असणार.

'इमटेरियल'वर अल्बम संपवला असता तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. दुःख, सोंग, धुकं, मुक्ती: आलेख तयार होता. सोफीने त्यापुढे नऊ मिनिटांचं 'होल न्यू वर्ल्ड/प्रिटेंड वर्ल्ड' ठेवलं. पहिलं नाव 1992 च्या 'अलादीन' चित्रपटातल्या उडत्या गालिच्यावरच्या गाण्याची आठवण देतं, पण इथला गालिचा लोखंडी आहे. आवाजाचे घण एकामागून एक पडतात, वर नव्या जगाच्या घोषणा, शब्द तोडून, ओरडून. कुणाच्या तरी डोळ्यांत ते जग दिसलं होतं असं मधूनच कळतं. दिसलं होतं, म्हणजे आता दिसत नसावं. आणि मग घण थकतात, घोषणा चिरकतात, सगळी रचना हळूहळू स्वतःच्याच आवाजात विरघळते, शेवटची मिनिटं नुसता खरखरता प्रवाह वाहतो.

या शेवटाविषयी माझं मत अजून दोलायमान आहे. तो दोन मिनिटं लांबलाय असं कधी वाटतं. तरी 'इमटेरियल'ने दिलेलं वचन, हवं ते होता येईल हे, त्याच्या पाठोपाठ तपासायला घेणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. आवाजाला पदार्थातून सोडवणं यंत्रापाशी बसलेल्या एका हुशार बाईला जमलं. जगाला तसं सोडवता येतं का, याचं उत्तर तिच्या मोनोमशीनमध्ये नव्हतं. तिने शीर्षकात नवं जग आणि सोंगाचं जग यांच्यामध्ये एक तिरकी रेघ मारली, दोन्ही ठेवली, आणि कुठल्याही एका बाजूने कौल दिला नाही.